साडेनऊ तास मागे चालणारं यंत्र

आजवर कोणालाच न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. नाहीतर नेहमीसारखी दोन पानं हवापाण्यावर घालवीन आणि उठून जाईन. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कोपरकरांना त्यांच्या मुलाने अमेरिकेहून टीव्हीचे कार्यक्रम साठवून ठेवणारं एक यंत्र पाठवलं होतं. त्या यंत्रात मुलाने बापासाठी अकरा मिनिटांचा निरोप भरून ठेवला होता. तो मी पुसला. निरोप होता हेसुद्धा कोपरकरांना ठाऊक नाही. मुलाला वाटतं, बापाने पाहिला आणि उत्तर दिलं नाही. माझ्या बायकोला यातलं काहीच ठाऊक नाही.

हे झालं. आता कोपरकर.

सकाळी सहाला नोएडातल्या आमच्या सोसायटीबाहेर दुधाच्या केंद्रावर रांग लागायची. सगळ्यांच्या हातात किटल्या. कोपरकरांच्या हातात किटली आणि शिवाय एक लिटरचं माप, सरकारी शिक्क्याचं. दूध घेतलं की ते तिथेच, रांग थांबवून, मापात ओतायचं. डोळा मापाच्या काठाशी न्यायचा. एखादा चमचा कमी भरला की मागे वळून सबंध रांगेला सांगायचं, "मापात पाप!"

मागचे सरदारजी म्हणायचे, "ओ कोपरकर साब, एक चम्मच दूध है जी, छोड़ो ना."

"एक चमचा तुम्ही सोडा. मी छत्तीस वर्षं एक चमचा सोडला नाही," कोपरकर मराठीतच सुनवायचे. संताप आला की दिल्लीत काढलेली सगळी वर्षं गळून पडायची आणि शुद्ध मराठी बाहेर यायचं. समोरच्याला शब्द कळले नाहीत तरी अर्थ कळायचा.

वजनमाप खात्यात ते इन्स्पेक्टर म्हणून लागले आणि चांगल्या मोठ्या खुर्चीवरून उतरले. ते खात्यातून निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. रद्दीवाला आमच्या ब्लॉकखाली आवाज द्यायचा बंद झाला, कारण कोपरकर स्वतःची वजनं घेऊन खाली यायचे. वीज कंपनीने दोन तासांची कपात जाहीर केली की हे घड्याळ घेऊन गच्चीत. दोन तास पाच मिनिटांनी वीज आली तर आनंद नाहीच. "दोन तास सांगून दोन तास पाच! दाते, नोंद घ्या. मापात पाप!" दाते म्हणजे मी. नोंद कुठे घ्यायची, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

बायको त्यांची लवकर गेली. राजीव तेव्हा कॉलेजात होता. बापलेक दोघंच. कोपरकरांनी पोळ्या शिकून घेतल्या, कर्कटकाने आखल्यासारख्या गोल. राजीवला अभ्यासाला बसवलं. केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंगच्या परीक्षेत तो पहिल्या फटक्यात लागला. आम्हाला सगळ्यांना पेढे मिळाले, मोजून प्रत्येकी दोन. मग सहा महिन्यांत त्या पोराने राजीनामा दिला आणि कॉम्प्युटरच्या कामासाठी न्यू जर्सी गाठलं. त्या वर्षी नोएडातल्या प्रत्येक इमारतीतून एक पोरगा जात होता. बाकीच्या बापांनी विमानतळावर हार घातले. कोपरकर घराबाहेर पडले नाहीत. दार अर्धं उघडून म्हणाले, "पेन्शनला लाथ मारून चाललास. माझ्या घरात तुझा फोन वाजता कामा नये."

पोरगाही त्यांचाच. त्याने फोन वाजवला नाही. पत्रं पाठवली, तीन. कोपरकरांनी तिन्ही पाकिटांवर "स्वीकारण्यास नकार" असं लिहून, सही करून, तारीख घालून परत केली. पोस्टमन मला म्हणाला, "साहब, इतनी सुंदर लिखाई में किसी ने मना नहीं किया."

आणि पत्रं थांबल्यावर हेच गृहस्थ माझ्याकडे येऊन म्हणतात, "बघा दाते. दोन वर्षं झाली. चार ओळी लिहवत नाहीत त्याला."

तेव्हा मला काय संताप आला होता! पण मी बोललो नाही. न बोलणं हा माझा जुना धंदा आहे.

त्याच सुमारास ऑफिसतर्फे मला दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी न्यू जर्सीत जावं लागलं. राजीव मला शोधत हॉटेलवर आला. हातात खोकं. त्याने सांगितलं ते असं: हे यंत्र टीव्हीला जोडायचं, वेळ सांगून ठेवायची, की कार्यक्रम आपोआप आत साठतो. कॅसेट नाही, काही नाही. हवा तेव्हा बघा, मधेच थांबवा, मागे न्या.

मी म्हटलं, "अरे, ते हे घेतील का?"

"पत्र परत करतात, काका. यंत्र कसं परत करतील? तुम्ही हातात द्याल ना. आणि यात मी माझं थोडं भरून ठेवलंय. त्यांना सांगू नका हं. चालू केलं की यादीत एकच गोष्ट दिसेल. ते उघडून बघतीलच. बाबांच्या समोर यादी आली आणि त्यांनी ती तपासली नाही, असं झालंय कधी?"

बापाला इतकं ओळखणारा मुलगा मी दुसरा पाहिला नाही. पत्र नाकारणाऱ्या माणसासाठी त्याने पत्र यंत्राच्या पोटात घातलं होतं.

ते खोकं स्वेटरांत गुंडाळून मी आणलं. आणि इथून पुढे माझं पाप आहे.

ते त्याच दिवशी वर नेऊन द्यायला हवं होतं. मी नेलं नाही. मनाला सांगितलं, अमेरिकेची वीज वेगळी, आपली वेगळी, म्हाताऱ्याच्या घरी भडका उडायला नको, आधी आपल्याकडे तपासू. खरं कारण, त्या आठवड्यात क्रिकेटचे सामने होते, मी ऑफिसात असणार होतो, आणि सबंध नोएडात कोणाकडे नसलेली वस्तू माझ्या घरात होती. मी कचेरीतून एक जुना ट्रान्सफॉर्मर उचलून आणला. बायको मुलीला घेऊन माहेरी पुण्याला गेली होती. रविवारी सकाळी मी यंत्र आमच्या टीव्हीला जोडलं; तो दुबईहून आणलेला, अमेरिकन चित्रही दाखवायचा. यादीत एकच गोष्ट होती. मी ती उघडली.

दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्याला आपण काय म्हणतो ते मला ठाऊक आहे.

राजीव सोफ्याच्या कडेवर बसला होता. आधी बराच वेळ तो यंत्र कसं वापरायचं तेच सांगत राहिला. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणालात म्हणून मी फोन करत नाही. तुमचा शब्द मोडायचा नाहीये. पण तुम्ही मला एक मिस कॉल द्या. एकच घंटी. मी उचलणार नाही, तुमचे पैसे पडणार नाहीत. घंटी वाजली की मी समजेन, आणि मग मी करीन." नंबर त्याने कागदावर मोठा लिहून कॅमेऱ्यासमोर धरला. मग त्याची बायको एक चार महिन्यांची मुलगी घेऊन आली. राजीवने तिला मांडीवर घेतलं, तिचा हात धरून हलवला आणि बापाला तिचं नाव सांगितलं. ते नाव का ठेवलं, तेही सांगितलं.

मी टीव्ही बंद केला. चहा केला. आणि तरीही यंत्र लगेच वर नेऊन दिलं नाही. दुपारी सामना होता.

यंत्र काही सामना पकडेना. त्याला रोज फोनवरून अमेरिकेतल्या कुठल्याशा नंबरला विचारून कार्यक्रमांची यादी घ्यायची असायची. ती मिळेना, म्हणून ते रुसून बसलेलं. पडद्यावर सारखी तीच सूचना. मी चिडलो. शोधत शोधत एका ठिकाणी पोचलो, तिथे लिहिलं होतं की सगळं मूळ स्थितीला न्यायचं असेल तर इथे या. मला वाटलं, फक्त त्याचा रुसवा जाईल. यंत्राने विचारलं, नक्की? नक्की असेल तर खाली वळलेल्या अंगठ्याचं चित्र असलेलं बटण तीनदा दाबा.

तीनदा! कोणीही शहाणा माणूस तिथे थांबला असता. पण वीस वर्षं प्रत्येक कागदावर तीन प्रतींत सही केलेल्या माणसाला कोणी तीनदा दाब म्हटलं तर तो वाचत नाही, दाबतो. मी दाबलं. एक, दोन, तीन. जसा आमच्याकडे कागद पुढे सरकतो, तसं ते पुढे सरकलं. तासाभराने यंत्र पुन्हा उठलं. यादी कोरी होती.

दुसऱ्या दिवशी मी ते वर नेऊन दिलं. "राजीवने पाठवलंय," म्हटलं. बाकी काही म्हटलं नाही. त्यानेच सांगितलं होतं ना, सांगू नका म्हणून! त्या एका वाक्याच्या आड मी इतकी वर्षं लपलो.

"मी मागितलं होतं का?" कोपरकर खोक्याकडे बघून कडाडले.

"नाही."

"मग? हे परतच जायला पाहिजे. पण तुम्ही वाहून आणलंत दाते, तुमचा अपमान नको." आठ दिवस खोकं दाराशी चपलांजवळ पडून राहिलं. नवव्या दिवशी त्यांनी ते वजनकाट्यावर ठेवलं, मग एकेक वस्तू बाहेर काढली. थर्माकोल उलटं करून झटकलं. प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून आतली हवा चाचपली. सूचनापुस्तकाचं प्रत्येक पान उलगडलं. मी समोर बसलो होतो.

"चिठ्ठी नाही," ते म्हणाले. "चार किलो यंत्र, आणि शब्द शून्य ग्रॅम. मापात पाप, दाते!"

तोंड उघडायला त्याहून चांगली वेळ कुठली असणार होती? मी म्हटलं, "आधी ट्रान्सफॉर्मर लागेल."

पुढची सव्वा वर्षं कोपरकर त्या यंत्राशी भांडत होते. माझा ट्रान्सफॉर्मर त्यांनी मीटर लावून नापास केला; एकशे दहाच्या जागी एकशे सात व्होल्ट. लाजपतराय मार्केटमध्ये मला घेऊन गेले आणि सात दुकानांत मीटर लावला. आठव्या दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं, तर हे खालून वाकून आत. मग कळलं की अमेरिकेचं टीव्हीचं चित्र वेगळ्या पद्धतीचं आणि आपलं वेगळ्या, म्हणून यंत्रात सगळी माणसं उभी सरपटतात. त्यावर चित्र बदलणारा एक डबा मिळाला. तो आत जाताना लावला. बाहेर येताना चित्र पुन्हा बदलायला दुसरा डबा. टीव्हीखाली चार खोकी आणि वायरींचा चिवडा झाला. माझी बायको सुनंदा म्हणाली, "भाऊजी, एवढ्यात तर कार्यक्रमवाले घरी येऊन नाटक करून गेले असते."

"वहिनी, प्रश्न नाटकाचा नाही. वस्तू चालते म्हणून दिली, तर ती चाललीच पाहिजे!"

सगळ्यात मोठी लढाई घड्याळाशी. त्या यंत्राला जगात अमेरिकेबाहेर काही आहे हेच मान्य नव्हतं. वेळ निवडायची तर अमेरिकेच्याच चार-पाच ठिकाणांतली. कोपरकरांनी न्यू जर्सीची निवडली आणि भिंतीवर पट्टीने आखलेला तक्ता लावला. रात्री आठची मालिका साठवायची तर यंत्राला सांगायचं सकाळचे साडेदहा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साडेनऊ. वर्षातून दोनदा अमेरिकन लोक आपली घड्याळं ढकलतात, हे कळलं त्या दिवशी आमच्या मजल्यापर्यंत आवाज आला.

"अहो, हा देश आहे की सर्कस? तास म्हणजे तास! उद्या म्हणतील, थंडी आहे, मीटर आखूड करा!"

मग यंत्र चालू लागलं आणि नवीन युद्ध पेटलं. यंत्र सेकंदावर चालायचं. वाहिन्या चालायच्या त्यांच्या मर्जीने. मालिका आठच्या ऐवजी आठ तीनला सुरू व्हायची, यंत्र साडेआठच्या ठोक्याला बंद. शेवटची तीन मिनिटं कायमची गायब. आमच्या ब्लॉकमधल्या चार मराठी घरांतल्या बायका सकाळी कोपरकरांकडे आदल्या रात्रीची मालिका बघायला जमायच्या. एकदा एका मालिकेत खुनी कोण ते कळणार होतं. पोलीस अधिकारी वळला, बोट उचललं, म्हणाला, "खून केला आहे," आणि पडदा निळा.

सुनंदा परत आली ती हसून डोळे पुसत. "कोपरकर भाऊजींनी केला असता हो आत्ता तिथे."

त्यांनी केबलवाल्याला बोलावलं. बिट्टू त्याचं नाव, गळ्यात साखळी, मोटारसायकलवर फिरायचा.

"तीन मिनट लेट. रोज. क्यों?"

"अंकल जी, चैनल बंबई से आता है, मैं थोड़ी बनाता हूँ. तीन मिनट इधर-उधर से क्या होता है यार?"

"यार मत बोलो! तीन मिनट में आदमी मर जाता है!"

"तो अंकल जी, आप मशीन को बोलो तीन मिनट ज़्यादा चले."

"मशीन क्यों चले? मशीन सही है! गलत को बदलो, सही को नहीं!"

बिट्टू माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "ये बिल्कुल सरकारी थे ना?"

पण त्या सगळ्या भांडणांत एक गोष्ट मला टोचायची, आणि ती मला एकट्यालाच कळायची. यंत्राची एक तार फोनला जोडलेली होती. रोज दुपारी ते आपोआप फोनची लाईन धरून अमेरिकेला नंबर फिरवू बघायचं. कोपरकरांच्या फोनला परदेशाचं कुलूप होतं, म्हणून लागायचा नाही. ते रिसीव्हर उचलायचे तर कानात ती किंकाळी.

"बघा याची मस्ती! रोज अमेरिकेला फोन करतंय. माझ्या घरातून! मी करत नाही, हे करतं!"

मी म्हटलं, "तार काढून टाका की. यादी तशीही मिळत नाही. काही बिघडणार नाही."

"काढीन," ते म्हणाले. तार काढली नाही. आजतागायत काढलेली नाही.

आता दुसरी गोष्ट, पहिलीपेक्षा वाईट. पुसलं ते बेपर्वाईने पुसलं. हे मात्र शुद्धीवर असताना केलं.

यंत्र दिल्यानंतर पाचेक महिन्यांनी, एका रविवारी सकाळी राजीवचा फोन माझ्या घरी आला. तिकडे शनिवारची रात्र. सुनंदा मागे कुकर लावत होती.

"काका, बाबांनी यंत्र चालू केलं का?"

"हो, हो. केलं ना. अगदी मीटर-बिटर लावून."

"मग... यादी बघितली असेल ना त्यांनी."

कुकरची शिट्टी झाली. मला आठवतं, शिट्टी संपेपर्यंत बोलायचं नाही असं मी ठरवलं. शिट्टी संपली.

"बघितली," मी म्हटलं. यादी त्यांनी खरोखरच बघितली होती, सरपटत्या पडद्यावर का होईना. कोरी.

"काही म्हणाले?"

"तुला माहितीये त्यांचा स्वभाव."

मग म्हणाला, "अच्छा. ठीक आहे काका. थँक्यू. काकूंना नमस्कार सांगा."

"कोणाचा फोन?" सुनंदाने विचारलं.

"ऑफिसचा."

झालं. त्यानंतर राजीवचा फोन मला कधीच आला नाही. आणि मी कोपरकरांवर चिडायला लागलो. हे कोणाला पटणार नाही, पण ज्याचं आपण वाटोळं करतो त्याचा राग येणं फार सोपं असतं. ते जिन्यात भेटून "शब्द नाही पाठवला पोराने" म्हणाले की माझ्या डोक्यात तिडीक जायची. तीन पत्रं परत कोणी केली? फोनचं कुलूप कोणी घातलं? मला राजीवचाही राग यायचा. सरळ विमानात बसून दार ठोठावायचं सोडून यंत्रात तोंड काय घालतोस? मी त्या दोघांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की मला वाटायला लागलं, चूक त्यांचीच आहे.

अशी चार वर्षं गेली. एका दुपारी कोपरकर खाली आले. इस्त्रीचा शर्ट, निवृत्तीच्या दिवशीचा कोट, आणि दाढी दोनदा केलेली.

"दाते, तुमच्या मुलीच्या गॅदरिंगचा तो व्हिडिओ कॅमेरा आहे ना? घेऊन वर या. एकटे या."

वर गेलो. खुर्ची मांडलेली, मागे भिंतीवर तक्ता. त्यांनी सगळा अभ्यास केला होता: कॅमेरा डब्याला, डबा यंत्राला. म्हणाले, "मी बोलणार. ते यात साठणार. मग हे यंत्र पार्सल करायचं. त्याचं त्याला परत. शेवटचं."

मी कॅमेरा लावला. बटण दाबलं.

"राजीव," ते म्हणाले, आणि पहिल्या वाक्यापासून तोफ सुरू. ट्रान्सफॉर्मर उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. "हा बघ. एकशे दहा म्हणजे एकशे दहा. हे डबे बघ, एक आत, एक बाहेर. हा तक्ता. तुमच्या त्या उन्हाळी वेळेचा मूर्खपणा लाल पेनने आहे. बिट्टू केबलवाल्याशी एकोणीस वेळा भांडलो. सव्वा वर्षं लागली मला, हे चालू करायला. नीट बघ. तू दिलेलं मी वाया जाऊ दिलं नाही."

ते थांबले. मला वाटलं संपलं. मी बटणाकडे हात नेला, तर त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं.

"पुण्याहून आत्याचं कार्ड होतं मागे. तुला मुलगी झाली असं तिने कुठेसं ऐकलं. आता ती चालत असेल, बोलत असेल. नाव आत्याला माहीत नाही. मी तिला चौकशी करायला सांगितलं नाही. ते मला तू सांगायचंस." आवाज जरा खाली आला. "नाव काय ठेवलंस रे तिचं?"

आणि ते कॅमेऱ्याकडे बघत बसले. रागावून नाही. प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतात तसे. भाबडेपणाने, जरा पुढे झुकून. कॅमेऱ्यामागे मी होतो. दीड हातावर. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं. नोएडात, दिल्लीत, सबंध हिंदुस्थानात ते ठाऊक असलेला बहुधा मी एकटाच माणूस.

मी गप्प राहिलो.

"बंद करा," ते म्हणाले. मग यंत्रावर लावून त्यांनी ते पहिल्यापासून पाहिलं. मी शेजारी बसून पाहिलं. पडद्यावरचा म्हातारा "नाव काय ठेवलंस" म्हणून झुकला, तसे इकडचे कोपरकर ताठ झाले.

"भीक मागतोय मी," ते म्हणाले. "ज्याने एक शब्द पाठवला नाही त्याच्याकडे. नाही! हे मी चालवून घेणार नाही." त्यांनी रिमोट घेतला. चार वर्षांत त्यांना त्या यंत्राची नस न् नस कळली होती. चार मिनिटांचा तो निरोप दोन सेकंदांत गेला.

"कॅमेरा घेऊन जा दाते. वहिनींना बोलू नका. चहा घेणार?"

मी चहा घेतला. साखर कमी होती, ती त्यांनी मोजूनच घातली होती. मी छान झाला म्हटलं.

आज कोपरकर अठ्ठ्याहत्तरचे आहेत. गुडघे गेले, दुधाला आता मी जातो, त्यांचं माप घेऊन. चमचा कमी भरला तर मला रांगेत ओरडता येत नाही, म्हणून माझ्यावर ओरडतात. यंत्र अजून टीव्हीखाली आहे. पार्सल झालं नाही. राजीवचा नंबर बदलला असेल, पण शोधला तर सापडेल. आता शोधणं अवघड राहिलेलं नाही, हेही माझ्या विरुद्धच जातं.

बापाचा निरोप आणि मुलाचा निरोप, दोन्ही पाहिलेला माणूस जगात मी एकटा आहे. दोन्ही मला शब्दन्‌शब्द पाठ आहेत.

त्या मुलीचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते तुमच्याआधी त्यांना कळायला हवं. हे छापून येण्याआधी मला अठरा पायऱ्या चढायच्या आहेत. वर जाऊन त्यांना त्यांच्या नातीचं नाव सांगायचं, ते का ठेवलं ते सांगायचं, आणि निरोप मी पुसला हे सांगायचं. मग राजीवला सांगायचं की बाबांनी काहीच पाहिलं नव्हतं, मी खोटं बोललो. एवढं माझ्याकडून देणं आहे. अजून दिलेलं नाही.